सिल्व्हर अँकलेटबद्दल माझं मत

शनिवार, १४ जुलै १९५६

पुण्याच्या रेसा आज सुरू. माझं मत पक्कं आहे. चौथ्या रेसमध्ये सिल्व्हर अँकलेट ही घोडी पहिली येणार. बाप नामी, आई नामी, पाठीवर वजन कमी. काल रामरावच्या हॉटेलात पेपर वाचून सगळ्यांना समजावून सांगितलं. जालन्यात रेसचं पान वाचणारा मी एकटा. शिवाय जनावरांच्या दवाखान्यात कारकून. सात वर्षांत रजिस्टरात किती घोडे लिहिले त्याची गिनती न्हाई. माहिती आपसूक मुरते.

गोपीकिशन सरकीवाला मधीच बोलला. महिनाभरापूर्वी पुण्याला मेव्हण्याकडं गेल्ता, तेव्हा सकाळी घोडे पळवतात ते पाह्यले म्हणे. ही घोडी पुढचा डावा पाय जपून टाकती, असं त्याला वाटलं. वाटलं! तेवढ्यावर सगळे त्याच्याकडं वळले. धर्मराज टेलरनं बाकावर सरकून त्याला जागा केली.

ठराव: गोपीकिशनबद्दल या वहीत एक अक्षर लिहायचं न्हाई.

मंगळवार, १७ जुलै. संध्याकाळी ६

पेपर आला. अँकलेट पाचवी. कारण पाऊस. मैदानात चिखल. घोडीचा दोष बिलकुल न्हाई.

गोपीकिशन यावर काहीच बोलला न्हाई. चहा पीत बसला. न बोलून दाखवायची त्याची ही रीत मी चांगली ओळखून आहे.

(हे वरच्या ठरावात धरायचं न्हाई. रेसच्या ओघात आलं.)

मंगळवार, ३१ जुलै

अँकलेट शेवटून दुसरी. जॉकी नवा होता.

धर्मराजनं विचारलं, भुजंगराव, तुम्ही स्वतः रेस कधी पाह्यली का? मी म्हणालो, पाह्यल्यानं मत बिघडतं. चटकन सुचलं. लोक हसले. म्हणजे पटलं.

घरी आलो तर बायकोचं, पुष्पाबाईचं, तेच. तारादेवी, म्हणजे गोपीकिशनची बायको, हिला बाजारात भेटली. त्या घोडीच्या पायाची सेठना रात्रंदिवस काळजी लागून राह्यली, असं सांगत होती. पुष्पाबाई म्हणाली, चांगला माणूस आहे. सोळा वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल हिनं असं म्हटल्याचं आठवत न्हाई. डोकं दुखायला लागलं. जेवलो न्हाई. नंतर थोडं जेवलो.

मंगळवार, ४ सप्टेंबर

आपण १ नोव्हेंबरपासून हैदराबाद राज्य सोडून मुंबई राज्यात जाणार, हे आता पक्कं. म्हणजे पुण्याचं रेसकोर्स आपल्याच राज्यात. माझ्या मताला वजन येणार. हॉटेलात हे बोललो तर गोपीकिशन म्हणाला, बराबर आहे. त्याच्या बराबरचाच मला राग येतो. वाद घालायला जागाच ठेवत न्हाई.

पेपरात खाली दीड ओळ: सिल्व्हर अँकलेट पुढच्या डाव्या पायानं अधू झाली, रेसमधून काढली.

मी मत बदलणार न्हाई. छापणाऱ्यांच्या चुका होतात.

शनिवार, १५ सप्टेंबर

गोपीकिशननं तिला विकत घेतली.

मनमाडवरून रेल्वेच्या डब्यात आली. निम्मं गाव स्टेशनवर गेल्तं. मी गेलो न्हाई. मालधक्क्यामागच्या लिंबाआडून जेवढी दिसली तेवढीच पाह्यली. पेपरातल्या फोटोपेक्षा उंच आहे. रंग तपकिरी, उन्हात तांब्यावानी. उतरताना लंगडली, तेव्हा गोपीकिशननं आपला खांदा तिच्या मानेला दिला.

तिला बग्गीला जुंपणार न्हाई म्हणतो. नुसती ठेवणार. दोन महिने अख्ख्या जालन्यात तिची बाजू मी एकट्यानं घेतली, अन् दावं त्याच्या हातात. लोकांनी नावही बदललं. पैंजण म्हणतात.

ठराव: त्या घोडीकडं पाहायचं न्हाई.

रविवार, २३ सप्टेंबर

दवाखान्याचा जवळचा रस्ता गोपीकिशनच्या वाड्यावरून जातो. तो सोडला. लांबून जातो. आज मात्र लांबच्या रस्त्यावर खडी टाकलेली, म्हणून तिकडून जावं लागलं. चार वेळा.

(आज रविवार. दवाखान्याला सुट्टी. तरी पण माणसाला काम असतं.)

चारापाणी तो स्वतः करतो. हातावर गूळ ठेवून चारत होता. रेसच्या घोडीला गूळ! मला विचारायला पाहिजे होतं.

शनिवार, ६ ऑक्टोबर

डॉक्टर अन् कंपाउंडर दोघं राजूरकडं दौऱ्यावर. दुपारी दोनला गोपीकिशनचे मुनीम, रामनिवासजी, धापा टाकत आले. घोडीचं पोट फुगलं, लोळून राह्यली. सेठनी तुम्हालाच बोलावलं म्हणाले, घोड्यातलं तुम्हाला कळतं म्हणून.

शेवटी विचारावंच लागलं! पोटदुखीची बाटली घेऊन निघालो. वाटेत घरी सांगून गेलो, कारण पुष्पाबाईलाही कळायला पाहिजे होतं कुणाला बोलावणं आलं ते. ती पदर खोचून मागं निघाली.

घोडी घामानं भिजलेली. पाय झाडत होती. गोपीकिशन पांढऱ्या धोतरानिशी धुळीत, तिच्या डोक्याशी. म्हणाला, भुजंगराव, आता काय करायचं ते सांगा.

मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. परत वाचली. तेवढ्यात घोडीनं मान उचलून माझ्याकडं पाह्यलं अन् माझी पाठ भिंतीला लागली. मधलं अंगण मी कधी ओलांडलं ते ठाऊक न्हाई.

पुष्पाबाईनं माझ्या हातातली बाटली घेतली. केदारखेड्याला तिच्या बापाची घोडी होती म्हणे. मला कधी बोलली न्हाई. किंवा बोलली असेल. दोरी धरली, घोडीच्या कानाशी वाकली अन् म्हणाली, "ऊठ माय. लोळू नको. माझ्यासंगं चाल."

ती उठली.

बांबूच्या नळ्यानं औषध पाजलं. मंग एका बाजूनं पुष्पाबाई, दुसऱ्या बाजूनं गोपीकिशन, तीन तास अंगणात फिरवली. सहाच्या सुमाराला घोडीनं लीद टाकली. तारादेवी हात जोडून रडायला लागली. इतक्या कामासाठी इतका आनंद मी प्रथमच पाह्यला.

मी फाटकापाशी उभा राहून घड्याळ पाहत होतो. तेही कुणीतरी करायलाच लागतं.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

हॉटेलात गोपीकिशननं सगळ्यांना सांगितलं, भुजंगराव वेळेवर औषध घेऊन आले, बाईंनी हात लावला, दोघांनी घोडी वाचवली. भिंतीचं बोलला न्हाई. धर्मराजनं बाकावर मला जागा केली अन् पेपर पुढं सरकवला. शनिवारी कोण येईल, तुमचं मत सांगा.

सगळे माझ्याकडं वळले. याच्यासाठी किती दिवस थांबलो होतो. मी नुसती घोड्यांची नावं वाचली, ओळीनं, अन् पेपर ठेवला.

येताना त्याच्या वाड्यावर गेलो. पुष्पाबाई तिथंच होती, तारादेवीसंगं. पुष्पाबाई उठली की घोडी तिच्याकडं मान वळवते. माझ्याकडं पाह्यलंही न्हाई. गोपीकिशन म्हणाला, "हात लावा. काही करत न्हाई ती." मी म्हणालो, मला घोड्यांचं रोजचंच आहे. तो गवत टाकायला निघून गेला. मुद्दाम गेला, हे मला कळलं.

मानेवर हात ठेवला. कातडी थरथरली. मी हात काढला न्हाई.

पेपरात वय देतात, वजन देतात, आईबाप देतात. घोडं इतकं गरम असतं, हे मला ठाऊक न्हवतं.