क्लायंट पाहिजे

४ जुलै
मुख्याध्यापिका बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षापासून टायपिंग हा विषय बंद. म्हणजे मीही बंद. एकच जागा निघणार आहे, शाळेच्या समुपदेशकाची. पण त्यासाठी डिसेंबरअखेर डिग्री नाहीतर सर्टिफिकेट दाखवायला हवं. मी म्हटलं, झालंच समजा. इतकी वर्षं मुलांना सल्लेच देतोय, कोणी मागत नसताना.

५ जुलै
सर्टिफिकेट कसलं, डायरेक्ट मास्टर्स करणार. अर्धवट काही आपल्याला जमत नाही.

२० जुलै
ऑप्शन्स फार. एम.ए. सायकॉलॉजी, एम.एड., पी.जी. डिप्लोमा, शिवाय ऑनलाइन आणि वीकेंडवाले निराळे. तुलनेसाठी रंगीत तक्ता करतोय. बायको म्हणाली, आधी फॉर्म भरा. तिला रिसर्च म्हणजे काय ते कळत नाही.

१ ऑगस्ट
तक्ता अप्रतिम झाला. प्रवेशाची मुदत काल संपली. एका अर्थी बरंच. मास्टर्सला दोन वर्षं लागतात, डिसेंबर तर पाच महिन्यांवर. हे आधी कसं सुचलं नाही, कोण जाणे.

९ ऑगस्ट
ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. मेव्हण्याचा फोन. त्याच्या नळांच्या दुकानात काउंटरला माणूस हवाय म्हणे. मी नळ विकू? फोन ठेवला. मग जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

१४ सप्टेंबर
आजचा धडा: ऐकण्याची कला. क्लायंटला बोलू द्यावं, आपण कमीत कमी बोलावं. सोपं आहे. बायकोला समजावून सांगायला पाऊण तास लागला.

६ ऑक्टोबर
थिअरीत पास! आता फक्त एका सेशनचं रेकॉर्डिंग पाठवायचं. गोपनीयता पाळायची, कोणाचंही नाव ऐकू येता कामा नये. क्लायंट कोणीही चालतो. बायको म्हणाली, मी बसते. मी म्हटलं, तुला कसला प्रॉब्लेम असणार? ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

१९ ऑक्टोबर
टायपिंगच्या खोलीबाहेर पाटी लावली: ‘मनातलं बोला.’ दिवसभरात एकच मुलगा आला. त्याला बाथरूम हवं होतं.

११ नोव्हेंबर
अजून क्लायंट नाही. मधल्या सुट्टीत सातवीच्या एकाला गाठून विचारलं, दुःखी आहेस का? नाही म्हणाला. मी म्हटलं, नीट विचार कर. तो रडायला लागला. आशा वाटली. पण संध्याकाळी त्याचे वडील बाईंकडे. बाई म्हणाल्या, पाटी काढा.

२ डिसेंबर
झोप नाही. शाळेच्या गेटशी आलं की छातीत धडधडतं. चहा कमी करायला हवा.

५ डिसेंबर
मिळाली! दहावीतली. सकाळी माइकवरून सूचना वाचते ती. आवाज एकदम बाईमाणसासारखा भारदस्त. वडिलांची लेखी परवानगी घेऊन आली. तिला बजावलं, गोपनीयता आहे, मला ‘सर’ म्हणायचं नाही. तिने आधी सहज विचारलं, तुम्ही बरे आहात ना? मी थोडंसं प्रास्ताविक केलं. मग रेकॉर्डिंग संपलं. एकंदर उत्तम. अपलोड केलं.

२३ डिसेंबर
परीक्षकांचा शेरा आला. समुपदेशक बाईंचं ऐकणं असामान्य. कुठेही घाई नाही, उपदेश नाही. उत्तीर्ण. क्लायंट मात्र नोकरी जाण्याच्या भीतीने पार खचलेला गृहस्थ आहे, आणि ते स्वतःशीही कबूल करत नाही. त्याला एकटं सोडू नये.
कुठल्या बाई? कोण गृहस्थ?

२४ डिसेंबर
कोर्सच्या ऑफिसला फोन केला. गृहस्थ म्हणजे मी, हे तीनदा सांगावं लागलं. पलीकडची बाई हळूच म्हणाली, मग उत्तीर्ण होता येणार नाही. पुढची बॅच मार्चमध्ये.

४ जानेवारी
जागा भरली. बाहेरून मॅडम आल्या, मास्टर्सवाल्या. टायपिंगचीच खोली दिली त्यांना. टेबलं सरकवायला मला बोलावलं. एक टोक मॅडमनी धरलं, एक मी.

१५ जानेवारी
मॅडमनी मुलांचं ऐकायला मुलांचंच पथक काढलंय. पहिलं नाव त्या दहावीच्या पोरीचं. ती जिन्यात भेटली. म्हणाली, मधल्या सुट्टीत मी टायपिंगच्या खोलीतच असते, या. मी म्हटलं, येईन, तुला तेवढीच प्रॅक्टिस.
गेलो. प्रास्ताविक करायचं होतं, सुचलं नाही. तिने डबा बाजूला सारला. शेवटी मी म्हटलं, मला दुसरं काही येत नाही, आणि खूप भीती वाटते.
बेल झाली. ती उठली नाही.