ती सांगत होती, जमीन मऊ होतेय

सर, तुम्ही गेलात त्याला सात वर्षं झाली. अजून डोळ्यांसमोर आहे: तुमच्या मॉन्ट्रियलच्या किचनमध्ये तुम्ही पोहे परतताय, मी कॅनडाच्या उत्तरेतल्या एका गावातून आणलेले जमिनीच्या तापमानाचे आकडे कौतुकाने दाखवतेय, आणि तुम्ही मागे न बघता म्हणता, "दर समरला विमानाने जायचं, रीडिंग घेऊन यायचं, पेपर छापायचा. अगं, ही लूट झाली. तिथल्या माणसांना शिकव." मला राग आला होता. पण पुढच्या वर्षी त्या गावातल्या शाळेचा बॉयलर सांभाळणाऱ्या बाईला मी शिकवलं. बारमाही गोठलेल्या जमिनीत सोडलेल्या केबलला मीटर कसा लावायचा, तापमान कसं काढायचं. ती भर थंडीतही दर आठवड्याला नोंदी करायची, पेन गोठतं म्हणून पेन्सिलीने. एकदा तिने विचारलं, "आकडा किती झाला की लोकांना घराबाहेर काढायचं?" मी म्हणाले, "ते आम्ही मॉन्ट्रियलला ठरवतो."

तुमच्यानंतर दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, तिचा फोन आला. "म्हाताऱ्यांच्या घरांखाली जमीन मऊ होतेय. आईच्या घराचं दार लागत नाही. आकडे फॅक्स केलेत." मी म्हणाले, "तुझं रीडिंग चुकलं असेल. अजून एक सीझन बघू." ती "ओके" म्हणाली. ऑक्टोबरात ते घर एका बाजूला खचलं, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा धूर बाहेर नेणारा पाइप निखळला आणि घरात विषारी वायू भरला. तिची आई आणि मावशी झोपेतून उठल्याच नाहीत.

चौकशीत मी लिहून दिलं, की गावात प्रशिक्षित माणूस नव्हतं, म्हणून आधी कळलं नाही. त्याच रिपोर्टच्या जोरावर ट्रेनिंग सेंटर मंजूर झालं. आज मी त्याची प्रमुख आहे. तिथली मुलं चांगली शिकतात, मला न विचारता घरं रिकामी करायला सांगतात. तुम्हाला हवं होतं तसंच. ती मात्र तिथे पाऊल टाकत नाही. मीटर तिने पार्सलने परत पाठवला, सोबत चिठ्ठीही नव्हती.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. ते धाडस नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय, आणि हेही कुठे जाणार नाही. सर, तुझं रीडिंग चुकलं असेल असं मी तिला म्हणाले, तेव्हा तिचा फॅक्स मी वाचलाच नव्हता.