खालच्या नळावर तोंड धुऊ नकोस

प्रिय दादा,

समोरासमोर बोलायला गेले की तू लगेच हसायला लागतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस. हात थरथरतो हल्ली, औषधानं होतं म्हणे.

मी तक्रारींच्या फोनवर काम करायचे तेव्हा समोर स्क्रीनवर एक वाक्य असायचं, आठवतं? ‘तुमची अडचण आम्ही समजू शकतो.’ पलीकडचा माणूस चिडलेला असो की रडत असो, तेच वाचून दाखवायचं. बाकीच्या मुली ते म्हणून मोकळ्या व्हायच्या, मजेत डबा खायच्या. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. बंद पडलेल्या फ्रिजची तक्रार करता करता एखादी बाई नवऱ्याच्या आजारपणावर यायची आणि मी तिला डोक्यात घेऊन घरी यायचे. आई म्हणायची, हिला साऱ्या जगाचं लागतं.

मी अंथरूण धरलं तेव्हा तुम्ही ठरवलंत की हिच्या कानावर वाईट काही घालायचं नाही. जीव लावलात, डबा चुकवला नाहीत, औषध चुकवलं नाहीत. पण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ते स्क्रीनवरचं वाक्य वाचून जातो. आत्याचा पाय मोडल्याचं मला दूधवाल्याकडून कळलं. तुला विचारलं तर म्हणालास, सगळे मजेत आहेत, तू फक्त बरी हो. बरी होऊन कुणाकडे जाऊ रे? माझ्यावाचून कुणाचंच अडत नाही. दिवसभर भिंतीकडे बघत पडलं की हा एकच विचार उरतो, आणि तो फार पटतो.

वहिनीचंही मला कळलंय. डबा तिचाच आहे, पण आतली भाजी बरेच दिवस तिच्या हातची नाही. ती मिठाला हात आखडणारी, आणि ही खानावळीची खारट. तू मात्र सांगतोस, सकाळी उठून तिनंच केली. तुला लहानपणापासून धड खोटं बोलता येत नाही.

परवा मी सगळं संपवायचं ठरवलं होतं. गोळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. तुला एकदा बघून घ्यावं म्हणून खिडकीशी उभी राहिले. तू गाडी लावलीस, पण उतरला नाहीस. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत बसलास. मग जिन्याजवळच्या नळावर तोंड धुतलंस, वर येऊन मला विनोद सांगितलास. भिकार होता. तू बोलत होतास आणि मला सारखं वाटत होतं, हा खाली एकटाच रडला. कितीतरी दिवसांनी मला दुसऱ्या कुणासाठी काही वाटलं, म्हणून ते राहिलं. मी बरी झालेली नाही, दादा. आजही उठवत नव्हतं. पत्र रिकाम्या डब्यात घातलंय, टोक झाकणाबाहेर ठेवलंय, म्हणजे गाडीत बसतानाच तुला दिसेल. वाचलंस की घरी जाऊ नकोस. वर ये, त्या गोळ्या तुझ्या ताब्यात घे, डॉक्टरीणबाईंना माझ्यादेखत फोन लाव. मग वहिनी घर सोडून का गेली ते मला सांग. आणि खालच्या नळावर तोंड धुऊ नकोस, तसाच ये. मी खिडकीत उभी आहे.

तुझीच,
धाकटी