टाकी लावल्यावरचं पहिलं दळण

नाशिक रोड स्टेशन,
५ जुलै १९८२

प्रिय पुंजा,

मुंबईची गाडी उशिरा आहे, म्हणून इथेच बाकावर लिहायला बसलोय. समितीसमोर मी सख्ख्या भावाची, तुझी बाजू घेतली नाही म्हणून तू चिडला असशील. खुशाल चीड. मीही शांत नाही.

बौद्धवाड्याने जयंतीची मिरवणूक पेठेतून नेली, एवढ्यावरून गावाने त्यांचा किराणा, मजुरी, दळण सगळं तोडलं. आमची विधिमंडळाची समिती चौकशीला येणार हे साहेबलोकांनी आठ दिवस आधी गावाला कळवून ठेवलं. मग काय विचारतोस! दुकानदार हात जोडून उभा, आणि तू चालवतोस त्या आपल्या गिरणीत बौद्धवाड्यातल्या भिमाबाईंची बाजरी दळली जातेय. बाकीचे आमदार खूश झाले. बहिष्कार आढळला नाही, असा शेरा तिथल्या तिथे तयार.

मी मात्र भिमाबाईंकडे जेवायला बसलो. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "भाऊ, बेतानं चावा. दगडाला टाकी लावली अन् पयलं दळान आमचंच घातलं." अरे, टाकीनं दगड टोचला की पिठात दगडाची कच उतरते, म्हणून आधी गुरांचा भरडा काढायचा, तेव्हा कुठे माणसांचं दळण घालायचं, हे वडिलांनी आपल्या दोघांनाही शिकवलंय. विसरलो म्हणू नकोस. मला तो घास अजून गिळवत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या वर्णभेदी सरकारशी व्यापार नकोच, असं मी सभागृहात बोललो तेव्हा पेपरातलं कात्रण तूच गिरणीत चिकटवलंस. नाकेबंदी जुलमी सत्तेची करायची असते रे, गरिबाच्या चुलीची नाही. आणि लोकांनी मला सरकारवर नजर ठेवायला पाठवलंय, सरकार दाखवेल ते बघून मान डोलवायला नाही. पुढच्या निवडणुकीला पक्षाचं तिकीट कापतील म्हणे. कापू देत!

अहवालाला मी माझं वेगळं मत जोडलंय आणि त्यात आपल्या गिरणीचं नाव लिहिलंय. पहिला खटला गिरणीच्या मालकावर भरा, अशी मागणी मी उद्या सभागृहात करणार आहे. वडिलांनी परवाना थोरल्याच्या नावावर काढला, तो आजही तसाच आहे. कागदावर मालक मीच. हे पत्र एवढ्याचसाठी, की पोलीस जबाब घ्यायला आले तर मला सोडवायला 'गिरणी माझीच' असं खोटं बोलू नकोस.

तुझाच दादा,
रंगनाथ