हिल्लाची जागा

प्रिय आई,

काल रुंद फळ्या आल्या: एकशेवीस, नगाला नऊ युरो, चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढून घेतलेल्या. देवाच्या कृपेने सोइलीची चाकाची खुर्ची आता दलदलीवरून जाईल. पण वनरक्षक वाइनो म्हणाला, "मधून वाट नेली तर क्रौंच घरटी सोडून जातील. कडेने घट्ट जमीन ठाऊक आहे का, एल्माकाकू?"

मी फळ्या मोजत राहिले. तशी जमीन एकच, तुझी हिल्लाची पिवळी फळं वेचायची जागा. असली जागा आपल्या गावात कुणी जावयालाही सांगत नाही. तूही देवाघरी जाताना फक्त माझ्या कानात सांगितलीस.

सोइली हसली. "आजी कसली बिलंदर! मला पाठीवर घेऊन जायची, तेही माझ्या डोळ्यांना रुमाल बांधून. मला नुसता वास आठवतो, अन् पंखांचा आवाज." मग हळूच म्हणाली, "आई, आता रुमाल सोड ना."

आज सकाळी धुक्यात सगळी दलदल तरंगत होती. मी वाइनोच्या नकाशावर बोट ठेवलं.

हे पत्र तुझ्या स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवते आहे. रागावली असलीस तरी उलट टपाली कळव.

तुझी,
एल्मा