टँकमध्ये राहिलेला नर

पंचवटी, नाशिक
१४ डिसेंबर

प्रिय सरिता,

अनेक आशीर्वाद. तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे, म्हणून लिहिते आहे. दिंडोरीत इथल्यापेक्षा जास्त गारठा असेल. माझे दोन हीटर एकदम बंद पडले आणि गप्पी मासे तळाशी जाऊन बसले. पाणी बदलायचासुद्धा कंटाळा येतो हल्ली. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे, हसू नकोस.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं, म्हणाले. पडदा खराब झालाय, गेलेली नजर परत येणार नाही. पिल्लाच्या पोटाखालचा पर नराचा, काडीसारखा, की मादीचा, पंख्यासारखा, हे मला भिंगातूनही कळत नाही. तुला नर-मादी निवडायला शिकवताना मिजास केवढी होती माझी!

मार्चमधला तो दिवस तू विसरली नसशील. पुण्याचे गृहस्थ नरांपासून वेगळ्या वाढवलेल्या निळ्या माद्या न्यायला आले आणि त्याच टँकमध्ये पिल्लं दिसली. एक नर राहून गेला होता. एकदा नर लागला की मादी महिनोन्‌महिने त्याचीच पिल्लं देते, म्हणजे सगळ्या माद्या वाया. त्यांच्यादेखत मी तुला नाही नाही ते बोलले. तू एवढंच म्हणालीस, "काकू, हा टँक मी नाय निवडला," आणि पिशवी उचलून निघून गेलीस.

संध्याकाळी टँकवरच्या चिठ्ठीवर नर-माद्या निवडल्याची तारीख पाहिली. त्या दिवशी तू मामेबहिणीच्या लग्नाला देवळ्याला होतीस. निवड मी केली होती. मला तेव्हाच कळलं, सरिता. पण ते कबूल करायचं म्हणजे डोळ्यांचंही कबूल करणं आलं. मी घाबरले.

इथेच थांबणार होते. पण महिन्याभराने कॉलेज रोडच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराने तुला कामावर घ्यायचं म्हणून मला विचारलं, "मुलगी कशी आहे?" मी म्हणाले, "लक्ष नसतं तिचं." सगळं ठाऊक असताना म्हणाले.

काल रिक्षा करून त्याच्याकडे गेले. चार गिऱ्हाइकांसमोर खरं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, ती जागा कधीच भरली."

हे पत्र घरी सगळ्यांना वाचून दाखव. त्यांनी तुला काय काय ऐकवलं असेल, याचा विचार मी नऊ महिने टाळला.

'तुझी काकू' असं लिहायला हात धजत नाही.

इंदिरा