शार्नहोर्स्ट पाण्यात सोडू नये

मी, राजेश्री दत्तराव पांचाळ, वय सेहेचाळीस, धंदा सुतारकाम आणि लहान जहाजे करणे, राहणार झरी, तालुका व जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मनाने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नांदेडला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. पण मी सुतार आहे. जुन्या चौकटीत नवी झडप बसवताना काय काय होऊ शकते, हे मला ठाऊक आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण कलम पाच वाचल्यावर माझे बंधू तो मागणार आहेत.

कलम १. झरी येथील राहते घर, पुढचा ओटा आणि मागची कामाची खोली माझ्या नावावर आहे. पूर्वेला सुलाबाईंचे घर, बाकी तिन्ही बाजूंना रस्ता आणि बोळ. हे घर मी माझे थोरले बंधू योगीराजदादा यांना देते, मात्र कलम सहामधली अट पाळली तरच. दादा परभणीत प्लायवूडचे दुकान चालवतात. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते म्हणायचे, "पोरगं भुसा चिकटवून लाकूड म्हणून इकायलंय." दादांना ते लागायचे. आबांच्या वतीने मी इथे माफी मागत नाही, पण घर देते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते दादांची मुलगी सृष्टी हिला. तिला पुण्याला लाकडी सामानाच्या आखणीचे शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला आहे. पैसे त्यासाठीच आहेत. ती गेली पाहिजे. ती का जात नाही, हे पुढे येईल.

कलम ३. शिवारातला कोरडवाहू तुकडा सृष्टीलाच. त्यातल्या लिंबाखालची जागा मात्र माझी राहील.

कलम ४. हत्यारे. आबांचा लाकूड तासायचा वाकस दादांना द्यावा. शाळेत बाप काय करतो असे विचारल्यावर दादांनी "शेती" सांगितले होते. आता तो वाकस त्यांनी दुकानात गिऱ्हाइकांना दिसेल असा टांगावा. रंधे, पटाश्या, कानशी सृष्टीला. सुईएवढ्या टोकाचे लहान गिरमिट कोणालाही देऊ नये. ते माझ्याबरोबर येईल. माझे शिवणयंत्र सुलाबाईंना ठेवायचे होते, पण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले. म्हणून ते मी परवाच त्यांच्या ओट्यावर नेऊन दिले.

कलम ५. जहाजे.

हे कलम मोठे आहे. वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

आबा तिफणी, वखर, बैलगाड्या करायचे आणि आसपासच्या गावांसाठी लाकडी देव घडवायचे. ट्रॅक्टर आल्यावर पहिले काम संपले. देव लोक दगडाचे आणू लागले. मी पालमचे सासर सोडून एका पिशवीसह परत आले, त्या वर्षी आबा शोभेच्या छोट्या बैलगाड्या करत होते. पुण्याचे एक गृहस्थ त्या घ्यायला आले. गाडीचा आस निरखून पाहत त्यांनी विचारले, "असली जहाजं जमतील का?" आणि जर्मन लढाऊ जहाजांचे नकाशे पुढे ठेवले.

आबांनी समुद्र पाहिला नव्हता. मीही पाहिलेला नाही. आबा नकाशातल्या जहाजाच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, बोट फिरवत म्हणाले, "सोपं हाय. पाणी नांगरायचं हत्यार हाय हे."

तेव्हापासून आम्ही दोघे तेच करत आलो. एमडन केले, बिस्मार्क केले, ग्राफ स्पे केले. कठड्यांना जळालेल्या मोटारीची तांब्याची तार, डोलकाठीला छत्रीच्या काड्या, तोफांना इंजेक्शनच्या सुया. शेजारी हसायचे, पण लहान मुले बघायला यायची आणि आबा त्यांना सांगायचे की ही तोफ इथून उडवली तर जिंतूरला लागेल.

आमच्या घरचा एक रिवाज आहे. देव घडवताना डोळे सर्वांत शेवटी उघडायचे, तेही ज्याला पुजणारे घर असेल त्याचेच. खेळण्यातल्या बैलाचे डोळे रंगवायचे, कोरायचे नाहीत. आबा म्हणायचे, "ज्याचं पुढं कुणी करणार न्हाई, त्याला जागं करायचं न्हाई." जहाजाला डोळे कुठले? आम्ही त्याच्या बाजूच्या गोल खिडक्यांना डोळे मानले. लहान गिरमिटाने एकेक खिडकी पाडायची आणि नाळेजवळची शेवटची तशीच ठेवून तिथे काळा ठिपका द्यायचा. गिऱ्हाइकांच्या कधी लक्षात आले नाही. सगळी जहाजे आमच्या घरून झोपलेलीच गेली.

शार्नहोर्स्ट सोडून.

ते पावणेचार फुटांचे, शिवणीच्या लाकडाचे. आबांचे शेवटचे काम. खिडक्या पाडताना त्यांनी विचारले, "ह्याचं काय झालं व्हतं?" मी वाचले होते ते सांगितले. पार उत्तरेला, जिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, तिथे गोठवणाऱ्या पाण्यात ते बुडाले. जवळजवळ दोन हजारांतले मूठभर वाचले.

आमची माय, सुमनबाई, तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "वाईट व्हते का ते?"

मी म्हटले, "हिटलरचं आरमार होतं, माय. ह्या जहाजानं दुसऱ्यांचीही जहाजं बुडवली होती. त्यांचीही शेकडो माणसं मेली."

आबांनी पाडलेल्या खिडकीतला भुसा फुंकून काढला. मग म्हणाले, "पोरं केवढाली असतील?"

"बरीचशी विशीतली."

त्यांनी गिरमिट उचलले आणि शेवटची खिडकी उघडली. देवापुढे ठेवतात तसा गुळाचा खडा पुढच्या डेकवर ठेवला. "तेंनी तरी काय पाहिलं असंल अंधारात," ते म्हणाले. "बाहीर तर दिसू दे." मी शेजारीच होते. मी त्यांचा हात धरला नाही. आजही धरणार नाही.

महिन्याभरात आबा गेले. त्यानंतर जे घडले ते मी जसे पाहिले तसे लिहिते.

चैत्रात जहाजाच्या पाणरेषेवर पांढरी पुटे धरली. मला वाटले बुरशी. मायने बोट लावून जिभेवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. "मीठ हाय."

मग कामाच्या खोलीतल्या कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली गोठली. बाहेर लोक अंगणात झोपत होते, रस्त्याचे डांबर चपलेला लागत होते आणि त्या कोनाड्यात तेल दगडासारखे झाले होते.

पुण्याचे गृहस्थ जहाज घेऊन गेले आणि काही दिवसांनी स्वतःच्या गाडीतून परत घेऊन आले. ओट्यावर चढले नाहीत. त्यांनी जहाज काचेच्या पेटीत ठेवले होते. काचेवर रोज आतून धुके धरायचे. ते त्याचे काही मानत नव्हते. पण एका सकाळी त्यांना दिसले की प्रत्येक खिडकीसमोर धुक्यात मोहरीएवढा ठिपका पुसलेला आहे. आतून. ते म्हणाले, "ताई, पैसे राहू द्या. हे तुमच्याकडेच असू द्या."

मायने जहाजाच्या कडेला हात लावला. आईचा हात होता तो. म्हणाली, "गारठलेत लेकरं. बाळंतिणीची शेगडी आण."

मी शेगडी पेटवून जहाज ठेवलेल्या बाजेखाली सरकवली, बाळंतिणीला शेक देतात तशी. दुसऱ्या दिवशी बाटलीतले तेल पातळ झाले होते. मिठाची पुटे गळून पडली होती. तेव्हापासून ती शेगडी आम्ही विझू दिलेली नाही, वैशाखातही नाही. सुलाबाई कुंपणावरून विचारायच्या, "सुमनबाई, तुमच्याकडं बाळंत कोण झालंय? वर्षं व्हायलीत, बारसं कवा?" माय म्हणायची, "नावं लय हायत, बाई. पुरायची न्हाईत."

मागच्या दिवाळीत माय गेली. तिच्या अस्थी घेऊन आम्ही दादांच्या गाडीने गंगाखेडला गेलो. घाटावर दादांनी डिकी उघडली, तर आत चादरीत गुंडाळलेले शार्नहोर्स्ट.

"दादा, हे काय?"

"मायसंगं जाऊ दे. देव जुना झाला की पाण्यातच सोडतेत ना?"

"हे बुडून मेलेले हायत, दादा. पुन्हा बुडवायचं?"

"लाकूड हाय ते, राजी! ह्या लाकडापायी माझी पोरगी शिकायला जायना. तुला कळायलंय का?"

त्यांनी जहाज पाण्यावर ठेवून लोटले. ते थोडे पुढे गेले. मग त्याची नाळ आपोआप वळली आणि गोदावरीच्या धारेविरुद्ध परत येऊन ते पायरीला, दादांच्या पायाशी टेकले. गुरुजींचा मंत्र थांबला. दादांनी पुन्हा लोटले. ते पुन्हा आले. तेव्हा दादांनी ते दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरले, आणि एकदम ओरडून हात काढले. त्यांच्या बोटांवर पांढरे व्रण उठले होते, बर्फ धरल्यासारखे. ते अजून आहेत. दोन्ही साक्षीदारांनी पाहिले आहेत.

परतीच्या वाटेवर दादा गाडीत एकच वाक्य बोलले. "पुढच्या बारीला दगड बांधतो."

मी हे मृत्युपत्र त्या वाक्यासाठी लिहीत आहे.

मी गेले की दोनच गोष्टी होतील. दादा दगड बांधतील, नाहीतर सृष्टी शेगडी सांभाळत इथे बसेल. ती सुट्टीला आली आणि राहिलीच. म्हणते, "आत्या, तू घोर करू नको. मी हाय की शेगडीला." पोर गुणी आहे, हात आबांचा आहे. पण हल्ली ती खिडक्यांकडे तोंड करून बसते आणि मधूनच मान हलवते, कोणी काही विचारल्यावर हलवावी तशी. मी विचारले, "काय गं?" म्हणाली, "काही न्हाई. वाजले किती ते विचारायलेत." ती विशीतली आहे. तेही विशीतले आहेत. मला भीती त्यांची वाटत नाही. त्यांना सोबत आवडू लागली आहे, याची वाटते.

कलम ६. म्हणून मी पुढीलप्रमाणे सांगून ठेवते.

आबांच्या रिवाजातला अर्धा भाग वर लिहायचा राहिला. "जागं केलेलं लाकूड एकटं धाडायचं न्हाई. घरचं माणूस संगं पायजे." तर ते घरचे माणूस मी.

मला दहन द्यावे. शार्नहोर्स्ट माझ्या छातीवर ठेवावे, नाळ त्यांना वळवायची तिकडे वळू द्यावी. लहान गिरमिट माझ्या उजव्या हातात आणि गुळाचा खडा पुढच्या डेकवर. अग्नी सृष्टीने द्यावा, शेगडीतल्याच निखाऱ्याने. जे इतकी वर्षे थोडथोडे दिले ते एकदा पुरेसे मिळू दे. फुटक्या मडक्याचे पाणी चितेवर सांडू देऊ नये. राख दूध-पाण्याने निववू नये, तिची ती निवू द्यावी.

माझी राख गंगाखेडला नेऊ नये. नदीत, विहिरीत, तळ्यात, कुठल्याही पाण्यात सोडू नये. ती कोरडवाहूतल्या लिंबाखाली, गुडघाभर खोल, मातीत पुरावी. लोक नावे ठेवतील, म्हणतील बाईला गती मिळणार नाही. मला गतीची घाई नाही. त्यांना पायाखाली जमीन लागू दे.

दादांनी यात आडकाठी आणली, किंवा जहाजाला दगड, लोखंड, काहीही बांधले, तर कलम एकमधले घर गावच्या अंगणवाडीला जाईल. दादा, तुम्ही वाईट नाही. त्या दिवशी तुम्ही पोरीसाठी हात पाण्यात घातला. तिच्यासाठीच आता तो मागे घ्या.

सृष्टी, तिसऱ्या दिवशी शेगडी विझव. खोलीची दारे उघड, ऊन आत येऊ दे आणि परभणीहून पुण्याची गाडी धर. मागे वळून विचारू नकोस की ते पोचले का. मी असेन तिथे. पुढे तू काहीही घडव, पण एक खिडकी बंद ठेव. आबांनी उघडली ती मायेनेच उघडली होती, आणि ती निभवायला आपली तीन माणसे लागली.

मी बरी होऊन नांदेडहून परत आले, तर शेगडी माझी आणि हा कागदही माझ्याचजवळ राहील. मी तिकडे असेपर्यंत शेगडी सुलाबाईंनी पाहावी, सृष्टीने नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्री. किशनराव, निवृत्त मुख्याध्यापक, झरी, यांनी करावी. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणूनच त्यांची निवड केली. ते लिहिलेले तसेच करतील.

हे सर्व मी साक्षीदारांना कामाच्या खोलीत वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. सही कापरी आली आहे, ती भीतीने किंवा आजाराने नव्हे. बाहेर ऊन मी मी म्हणत आहे, म्हणून साक्षीदारांना खोलीत बसता यावे यासाठी शेगडी घटकाभर ओट्यावर काढून ठेवली होती. कलम पाच वाचून होईपर्यंत किशनरावांनी उपरणे कानांवरून घेतले, आणि सुलाबाईंचा गारठलेला अंगठा शाई लावूनही कागदावर उमटेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "आटप बाई लौकर. आत घे ती शेगडी. लेकरं खिडक्यांना येऊन बसलेत." किशनरावांनी उठून शेगडी स्वतःच आत आणली.

ठिकाण : झरी, तालुका व जिल्हा परभणी
दिनांक : १४ मे २०२५

लिहून देणार : राजेश्री दत्तराव पांचाळ (सही)

साक्षीदार :
१. किशनराव, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार झरी (सही)
२. सुलाबाई, शेजारीण, राहणार झरी (डाव्या हाताचा अंगठा, निखाऱ्यावर ऊब घेऊन दुसऱ्यांदा उमटवलेला)